घरात सगळ्यांना पथरी? दोष पाण्यालाच देऊ नका

रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "घरात दोघा-तिघांना पथरी म्हणजे बोअरिंगच्या पाण्याचा दोष. दूध बंद करा, पाणी भरपूर प्या. ग्रंथींच्या गाठींचा खानदानी आजार, जीन टेस्ट, हे सगळं लॅबवाल्यांचं दुकान. असलाच तर तो बायकांचा आजार, आणि त्यावर इलाजही नाही." यातलं भरपूर पाणी पिणं तेवढं बरोबर आहे.

बहुतेकांची पथरी साधीच असते, कबूल. पण ती तरुणपणीच सुरू झाली, पुन्हा पुन्हा झाली, आई-वडिलांपैकी कुणाला होती, तर रक्तातलं कॅल्शियम बघायलाच हवं. माझ्या मावसबहिणीच्या फायलीत पथरीचं ऑपरेशन, पोटातला अल्सर आणि अकाली थांबलेली पाळी, असे तीन डॉक्टरांकडचे तीन आजार होते. घरी नळाला नर्मदेचं पाणी, बोअरिंग नाहीच. रक्तातलं कॅल्शियम निघालं 11.6 mg/dL, साधारण 10.5 च्या आत हवं. तिन्हींचं मूळ एकच होतं: मेन-1 (MEN1), म्हणजे मेसेजमधला तोच ग्रंथींच्या गाठींचा खानदानी आजार. या आजारात गळ्यातल्या पॅराथायरॉइड (कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी), स्वादुपिंड आणि मेंदूखालची पिट्युटरी यांत गाठी होतात. पहिलीने कॅल्शियम वाढून पथरी, दुसरीने ॲसिड वाढून अल्सर, तिसरीने पाळी बंद. तो दुर्मीळ आहे, म्हणूनच पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही.

दूध सोडून हे कॅल्शियम उतरत नाही. बिघडलेल्या पॅराथायरॉइड ते हाडांतून ओढून घेतात. दूध तोडलंत तर हाडं आणखीच झिजतील.

बायकांचा आजार? साफ खोटं. या आजाराचा जीन अकराव्या गुणसूत्रावर आहे, मुलगा-मुलगी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर नाही. आजार आईला असो वा बाबांना, प्रत्येक अपत्याला बिघडलेला जीन मिळण्याची शक्यता 50 टक्के, मुलगा असो की मुलगी.

'दुकान' या शब्दाचा मला सगळ्यात राग आला. हा जीन 1997 मध्ये सापडला. घरातल्या एकाचा दोष नेमका कळला की बाकीच्यांचा तेवढाच तपासायचा. तो नसलेल्या मुलाची दरवर्षीच्या तपासण्यांतून कायमची सुटका होते. असलेल्याच्या गाठी लहान असतानाच हाती लागतात.

आणि इलाज आहे. जीन बदलता येत नाही, पण पिट्युटरीची प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) बनवणारी गाठ बऱ्याचदा गोळ्यांनीच आकसते, अल्सरचं ॲसिडही औषधांनी आवरतं. पॅराथायरॉइड चार असतात आणि यात बहुधा चारही बिघडतात. एकच काढली तर कॅल्शियम पुन्हा चढतं, म्हणून सर्जन बहुधा साडेतीन काढतात. हे त्यांना आधी कळायला हवं, तेव्हा ऑपरेशनआधी घराण्याचा सगळा इतिहास सांगा, बाबांच्या पथरीसकट.