तेकोंग बेटावर जाणाऱ्या आपल्या मुलांविषयी

सिंगापूरमध्ये १९६७ पासून चालत आलेली सक्तीची लष्करी सेवा जशी नागरिकांच्या मुलांना चुकत नाही, तशीच ती आईवडिलांमुळे पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळालेल्या आपल्या मराठी मुलांनाही चुकत नाही. पीआर घेण्याचा निर्णय आपण मुलगा लहान असताना त्याला न विचारता घेतलेला असतो आणि अठराव्या वर्षी त्याची दोन वर्षे तो देतो. पुढे पीआर सोडून सुटका करून घ्यावी, तर तेथे शिकण्यासाठी किंवा नोकरीसाठी अर्ज करताना तोच मुद्दा आड येतो. म्हणूनच त्याच्या मनाची जबाबदारी आधी आपली आहे, असे मला ठामपणे वाटते.

पहिल्या दिवशी आपण फेरीने पुलाऊ तेकोंगला, म्हणजे प्राथमिक लष्करी प्रशिक्षणाच्या बेटावर, जातो, त्याची खाट पाहतो, कुकहाउसमध्ये, म्हणजे तिथल्या भोजनगृहात, त्याच्यासोबत जेवतो आणि परततो. त्यानंतर केस उतरवले जातात आणि बहुधा दोन आठवडे घरी येता येत नाही. स्वतःच्या खोलीत वाढलेल्या मुलाला अपुरी झोप, सततचा आरडाओरडा आणि क्षणभरही न मिळणारा एकांत एकदम झेलावा लागतो. बहुतेक मुले रुळतात. मात्र ज्याची झोपच उडते, जेवण तुटते, छातीत धडधडू लागते किंवा जीव नकोसा होतो, त्याला नाजूक म्हणून झटकणे हा अन्याय आहे.

मदतीची सोय सैन्यात आहे. युनिटमध्ये प्रशिक्षित समुपदेशक असतात, चोवीस तासांची हेल्पलाइनही आहे. अडते ते तिथवर जाण्यात. आजारी असल्याचे सांगितले, तर सोबतचे ‘केंग’ करतोय, म्हणजे सोंग घेतोय, असे म्हणतील या धास्तीने मुलगा गप्प राहतो आणि शनिवार-रविवारी घरी आला की आपणही ‘सगळ्यांचीच मुले जातात’ म्हणून विषय संपवतो. प्रशिक्षणाच्या बऱ्याच तुकड्यांत फील्ड कॅम्पच्या, म्हणजे रानातल्या सराव शिबिराच्या, वेळी घरून आलेली पत्रे मुलांना वाचायला देतात. स्वतः खणलेल्या खड्ड्यापाशी, मातीने माखलेल्या हातांनी ते पत्र वाचताना कित्येक मुले ढसाढसा रडतात. एरवी रडायला जागाच नसते.

सर्वांत जास्त खटकते ते भरतीपूर्व वैद्यकीय तपासणीत नैराश्याचे किंवा पॅनिकचे जुने उपचार लपवणे. तंदुरुस्तीची श्रेणी खालावेल, पुढे कुणी विचारेल, ही भीती मला समजते. पण त्याच श्रेणीवरून त्याला कोणते प्रशिक्षण द्यायचे हे ठरते आणि माहिती दडवली तर आधीच डळमळीत असलेल्या मुलाच्या हाती आपण रायफल आणि जागरण दोन्ही देतो. उपचारांची कागदपत्रे सोबत न्यावीत, डॉक्टरांचे पत्र घ्यावे आणि हे सर्व मुलाला विश्वासात घेऊन करावे.

आपल्या मंडळांनी सेवा पूर्ण केलेल्या मुलांची नव्याने जाणाऱ्यांशी भेट घालून द्यावी आणि त्या वेळी पालकांनी खोलीबाहेर थांबावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.