वळणावर सुटलेल्या वाघिणींबद्दल : तुमच्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

गेल्या रविवारी तुम्ही चिरंजीवांना घेऊन कोल्हापूरहून मिरजेला आमच्या छोट्या मॉडेल रेल्वेवर आला होतात. तुमच्या अभिप्रायात चार तक्रारी आहेत. वळणावर वाघिणी (मालगाडीचे डबे) सारख्या सुटत होत्या. काही वाघिणी एकमेकींना लागतच नव्हत्या. आमच्या पोरांनी तुमच्या मुलाला हाताने डबे ढकलू दिले नाहीत. आणि तासातला निम्मा वेळ जोडाजोडीत गेला. पैसे घेता, तर गाडी जोडून तयार का देत नाही, असं तुम्ही विचारलंय. चारही गोष्टी घडल्या, त्यावर वाद नाही. त्या का घडल्या ते सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे येणाऱ्यांनाही कळेल.

आधी वाघिणी सुटण्याबद्दल, कारण तुम्ही 'कपलिंगच बोगस आहेत' असं लिहिलंय आणि ते मला लागलं. कपलिंग म्हणजे दोन डबे एकमेकांना जोडणारा भाग. आमच्या रुळांची रुंदी ४५ मिलिमीटर आहे आणि आतल्या लूपच्या वळणाची त्रिज्या ६०० मिलिमीटर. एवढ्या मोठ्या डब्यांसाठी हे वळण फार आवळ आहे. म्हणून आतल्या लूपवर हूक आणि कडीचं कपलिंग वापरतो, तेही डब्याच्या अंगाला न बसवता बोगीला, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या वळत्या चौकटीला, बसवलेलं. बोगी रुळाबरोबर वळते, तिच्याबरोबर हूकही वळतो. ओढताना ही व्यवस्था उत्तम चालते. पण तीच गाडी मागून रेटली की सगळा जोर हुकातून थेट बोगीत जातो, बोगी तिरपी होते, चाक रुळावर चढतं आणि डबा घसरला की शेजारचा हूक निघतो. तुम्ही लांबलचक रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची रांग, इंजिनाने मागे रेटत वळणात घातलात. आमचे दादा 'थांबा, आधी निम्मे डबे सायडिंगला (बाजूच्या रुळावर) सोडा' म्हणाले ते त्यासाठी.

दुसरं कारण वजनाचं. तुमच्या रेकमध्ये इंजिनामागे हलक्या रिकाम्या वाघिणी होत्या आणि धातूच्या चाकांच्या भरलेल्या टाक्या शेपटाला. वळणावर ओढ सरळ रेषेत जायला बघते, त्यामुळे मधला हलका डबा आतल्या बाजूला खेचला जातो. जड डबे इंजिनाजवळ आणि हलके मागे, हा क्रम लावला की निम्मा त्रास तिथेच संपतो. हा क्रम फलाटाजवळच्या फळ्यावर लिहिलेला आहे आणि तासाच्या सुरुवातीला आमची पोरं तोंडीही सांगतात.

आता कपलिंगच्या दर्जाबद्दल. प्रत्येक वाघीण रुळावर ठेवण्याआधी तिच्या कपलिंगची उंची मापाला लावून बघतो. बाहेरच्या लूपवर नकल कपलिंग आहेत. दोन्ही हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवावीत तशी ती धरतात. आडव्या ओढीत सहसा सुटत नाहीत, पण एक खाली आणि एक वर झालं की अलगद एकमेकांवरून निसटतात. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जमिनीवर रूळ टाकले असते तर दर हंगामात एखादा सांधा दोन-तीन मिलिमीटर खचला असता, आणि नकल सुटायला तेवढं पुरतं. म्हणून आमचा सगळा ट्रॅक सिमेंटच्या खांबांवर उचललेला आहे. खर्च वाढला, पण कपलिंग टिकतात ती त्यामुळेच.

दोन प्रकारच्या वाघिणी एकमेकींना लागत नाहीत हे खरं आहे, आणि ते तसंच राहणार. हुकाची वाघीण नकलला लागत नाही. त्यासाठी पिवळ्या पट्ट्याची दुतोंडी वाघीण ठेवली आहे, तिच्या एका टोकाला हूक आणि दुसऱ्या टोकाला नकल. खऱ्या रेल्वेतही वाघिणी हाताने आवळायच्या स्क्रू कपलिंगवरून सीबीसीवर (मधोमध बसणाऱ्या, नकलसारख्या कपलिंगवर) गेल्या तेव्हा दोन्ही प्रकार एकत्र चालवण्यासाठी मधली सोय करावी लागली होती. मिरज जंक्शनला तर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या येत. तिथे कपलिंगचं सोडाच, रूळच वेगळे. एका गेजच्या वाघिणीतला माल हमालांकरवी दुसऱ्या गेजच्या वाघिणीत भरायचा. मला हा इतिहास आमच्या जागेवर मुलांच्या हाताला लागायला हवा आहे. सगळं एकसारखं करून टाकलं तर तो पुसला जाईल.

हाताने ढकलण्याबद्दल आमचा नियम कडक आहे आणि कुणासाठीही सैल होणार नाही. चालत्या इंजिनासमोर दोन डब्यांच्या मध्ये बोटं घालायची नाहीत. अमेरिकेत जुन्या लिंक-पिन (कडी आणि खिळीच्या) कपलिंगवर काम करताना ब्रेकमन म्हणजे गाडीवरच्या कामगारांची बोटं आणि हात गेले, जीवही गेले. एली जॅनी यांनी १८७३ मध्ये नकल कपलिंगचं पेटंट घेतलं; माणसाला दोन डब्यांच्या मध्ये शिरावं लागू नये, हा त्याचा मोठा फायदा. मग १८९३ मध्ये तिथे आपोआप लागणाऱ्या कपलिंगसाठी कायदाच झाला. आमचं इंजिन लहान असलं तरी पितळी रूळ आणि धातूचं चाक यात सात वर्षांच्या मुलाचं बोट सापडलं तर इजा होतेच.

राहिला तयार गाडीचा प्रश्न. जोडलेली मालगाडी बाहेरच्या लूपवर सतत फिरत असते आणि ती बघायला वेगळे पैसे नाहीत. तुम्ही पावती घेतली ती शंटिंगच्या, म्हणजे डबे जोडण्या-सोडण्याच्या, तासाची. त्या तासात जोडाजोडी हेच काम आहे. इंजिन सायडिंगच्या सरळ रुळावर आणायचं, डबा हातभर राहिला की वेग अगदी मुंगीचा करायचा, हूक कडीखालून वर येऊन 'टक्' करेपर्यंत थांबायचं, आणि मग इंजिन किंचित पुढे घेऊन डबा मागे येतो का ते बघायचं. हे शेवटचं ओढून बघणं मोठी माणसंसुद्धा विसरतात. तुमच्या मुलानं सुरुवातीला दोन-तीनदा डबे आदळले. नंतर तो रुळाच्या पातळीला डोळा लावून बसला, हूक कडीखाली गेल्याचं बघूनच हँडल सोडू लागला, आणि तुम्ही फोनवर बोलत होतात तेव्हा त्यानं पाच वाघिणी एकही न सुटता फलाटाला आणल्या. दादांनी त्यात हात घातला नव्हता. तो निम्मा वेळ फुकट गेला असं मी मानायला तयार नाही.

तरीही तुम्हाला धावती गाडीच हवी होती आणि पावती घेताना तो फरक लक्षात आला नसेल, तर काउंटरवर पावती दाखवा, रक्कम परत देऊ. किंवा तीच पावती पुढच्या तासाला चालवू. तेव्हा बाहेरच्या लूपवर नकल कपलिंगच्या वाघिणी देतो. तिथलं वळण मोठं आहे, रेक रेटला तरी चालतो. शनिवारी सकाळी या. दुपारच्या उन्हात रूळ तापतात आणि मुलांना तिथे उभं राहवत नाही.