‘चोरलेला पाला’ म्हणणाऱ्यांना उत्तर

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. नाताळात दारावर होली, आयव्ही, मिसलटो हा हिवाळ्यातही हिरवा राहणारा पाला बांधायच्या इंग्लंडातल्या चालीवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता, “हा पाला मुळात रोमन लोकांचा. चर्चनं तो चोरला आणि तुम्ही साहेबाच्या दारात आरती ओवाळताय.” मुद्दा मांडायला कुणाची ना नव्हती. पण त्यात आरती कशाला? इतकी वर्षं लिहितेय, कुणाच्या श्रद्धेला मी नावं ठेवलेली नाहीत. तुमचं वाचन माझ्याहून जास्त असेल, पण म्हणून वाटेल तसं बोलायची मुभा मिळत नाही.

एक चूक माझी. इंग्लंडात नाताळचं झाड राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्यानं, अल्बर्टनं आणलं असं मी लिहिलं होतं. त्याच्या कितीतरी आधी, १८०० साली, तिसऱ्या जॉर्ज राजाच्या राणी शार्लटनं विंडसरला यूचं झाड सजवलं होतं. दुरुस्ती केली आहे.

आता ‘चोरला’ या शब्दाकडे येते. सॅटर्नेलियात, म्हणजे डिसेंबरातल्या त्यांच्या सणात, रोमन घरं हिरव्या डहाळ्यांनी सजत, हे मी नाकारलं कुठे? पण सन २०० च्या सुमारास टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक दारांवर लॉरेलच्या हिरव्या पानांची तोरणं लावतात म्हणून आपल्याच माणसांवर चिडला होता. धर्माचे जाणकार नको म्हणत होते आणि लोक लावत होते! १६४७ मध्ये इंग्लंडच्या संसदेनं नाताळ बंद केला, तोही धर्माच्याच नावानं. त्या डिसेंबरात लंडनच्या कॉर्नहिलमध्ये काम शिकणाऱ्या पोरांनी पाण्याच्या सार्वजनिक टाकीवर होली आणि आयव्ही चढवली. ती उतरवायला लॉर्ड मेयर स्वतः आला आणि दंगल उसळली. ज्यांच्यावर तुम्ही चोरीचा आळ घेताय, तेच हा पाला खेचून काढत होते.

मी इंग्लंडातल्या वुस्टरशरमध्ये बावीस वर्षं राहतेय. टेनबरीला नाताळाआधी मिसलटोचा लिलाव होतो, जुड्या ओळीनं मांडलेल्या असतात. मिसलटो म्हणजे आपल्या आंब्यावरच्या बांडगुळाचा भाऊबंद. त्याचं पांढरं फळ चिरडलं की बोटं डिंकासारखी चिकटतात. होली तोडायला मला पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या आजींनी नेलं. खालच्या फांद्यांची पानं काटेरी, उंचावरची बरीचशी बिनकाट्याची, आणि लाल फळं फक्त मादी झाडाला. हे त्यांनी हात लावून दाखवलं, तोवर माझा तळवा रक्ताळला होता. दुपारी चारच्या सुमारास अंधारून आलेलं, झाडं उघडीबोडकी, आणि त्यांच्या दारावर तेवढं हिरवं. चर्चचं नाव त्यांनी काढलं नाही, रोमचंही नाही. गावी माझी आई सणाला दाराशी आंब्याचे टाळे बांधायची, तिच्याकडेही कुणी मूळ मालकाची चौकशी केली नव्हती.

झाडतोड, बाजारूपणा वगैरे तुमचे बाकीचे आक्षेप दरवर्षी येतात, त्यांत नवं काही नाही.

पुन्हा जरूर लिहा. फक्त ‘साहेबाच्या दारात’ हे शब्द गाळून लिहा. ते घर माझंही आहे.