तिकिटांच्या दराचे खापर खेळाडूंच्या पगारावर फोडू नका

गेल्या काही महिन्यांत नागपुरातल्या फुटबॉलप्रेमींच्या मोबाइलवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येऊन धडकत आहे. त्याचा आशय असा: खेळाडूंचे पगार अवाच्या सवा वाढले, म्हणून युरोपातल्या क्लबांना तिकिटे महाग करावी लागली, मोठे खेळाडूही हवेत आणि तिकीटही स्वस्त हवे, हा दुटप्पीपणा पाठीराख्यांनी सोडावा, मैदाने भरतात, त्याअर्थी दर रास्तच आहेत, पगारांना कात्री लावली की तिकिटे आपोआप उतरतील, आणि आपण तर नागपुरात बसून टीव्हीवर पाहतो, आपल्याला त्याचे काय? हा मजकूर पुढे पाठवणारे बहुतेक जण माझ्यासारखेच शनिवार-रविवारी रात्री जागणारे आहेत, त्यांच्या खेळावरील प्रेमाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मात्र यातील जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे आणि दोष भलत्याच्याच माथी मारणारे आहे.

पगार वाढले म्हणून तिकीट वाढले, हे पहिले विधान कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करते. नागपूरच्या बर्डी बाजारात दुकानाचे भाडे जास्त आहे म्हणून तिथे गर्दी होत नाही. गर्दी होते म्हणून भाडे चढते. फुटबॉलमध्येही पैसा आधी येतो आणि मग तो मिळवण्यासाठी नव्हे, तर तो आल्यामुळे क्लब एकमेकांवर चढाओढ करून खेळाडूंना अधिक पगार देऊ करतात. हा पैसा येतो कुठून? १९९२ मध्ये प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधील सर्वोच्च श्रेणीची स्पर्धा, सुरू झाली तेव्हा तेथील प्रक्षेपण हक्कांचा पाच वर्षांचा करार ३० कोटी ४० लाख पौंडांचा म्हणून जाहीर झाला होता. २०२५ ते २०२९ या चार वर्षांसाठी तोच आकडा ६७० कोटी पौंडांवर गेला आहे, आणि त्यात परदेशांतील हक्कांची रक्कम धरलेलीच नाही. या लीगच्या क्लबांच्या एकूण उत्पन्नात सामन्याच्या दिवशीच्या गल्ल्याचा वाटा साधारण एक सप्तमांश असतो, तर प्रक्षेपणाचा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक.

हिशेब मांडून पाहावा. पन्नास हजार आसनांचे मैदान, लीगचे घरचे १९ सामने आणि प्रत्येक तिकिटामागे ५ पौंडांची वाढ धरली, तर वर्षाला ४७ लाख ५० हजार पौंड जमतात. आठवड्याला दोन लाख पौंड घेणाऱ्या एका खेळाडूचा वार्षिक पगार १ कोटी ४ लाख पौंड होतो. म्हणजे पन्नास हजार प्रेक्षकांच्या खिशाला वर्षभर चाट लावूनही त्या एका खेळाडूचा निम्मा पगार निघत नाही. याउलट, तळाला राहून खालच्या श्रेणीत घसरणाऱ्या क्लबलाही प्रक्षेपणाच्या वाट्यातून वर्षाला दहा कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळते. क्लबच्या ताळेबंदात जी रक्कम किरकोळ ठरते, ती वडील आणि दोन मुलांच्या घरखर्चात मोठे भगदाड पाडते. माझा सगळा राग याच विषमतेवर आहे.

या संदर्भात ६ फेब्रुवारी २०१६ हा दिवस विसरता येत नाही. लिव्हरपूलने पुढील हंगामासाठी सर्वांत महाग तिकीट ५९ वरून ७७ पौंडांवर नेण्याचे जाहीर केले होते. त्या दिवशी सुंदरलँडविरुद्ध २-० अशी आघाडी असताना ७७ व्या मिनिटाला हजारो पाठीराखे उठून ॲनफिल्ड या लिव्हरपूलच्या घरच्या मैदानाबाहेर गेले, आणि उरलेल्या वेळात सामना २-२ असा बरोबरीत सुटला. चारच दिवसांत मालकांनी माफी मागून ती वाढ मागे घेतली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्याच उन्हाळ्यापासून लागू होणाऱ्या तीन वर्षांच्या देशांतर्गत प्रक्षेपण कराराची रक्कम आधीच्या करारापेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी वाढलेली होती. तिजोरी भरून वाहत असतानाच दरवाढ सुचली. वाढ रद्द झाल्यावर क्लबवर दिवाळखोरीची पाळी आली नाही की खेळाडूंचे पगार अडले नाहीत. त्याच वर्षी प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा घातली, आणि पगार वाढतच गेले तरी ती मर्यादा टिकली.

खालच्या श्रेणीबाबत मात्र एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतील क्लबांनी काही वर्षी एकूण उत्पन्नापेक्षाही जास्त रक्कम पगारांवर उधळली आहे, आणि तिथे प्रक्षेपणाचा पैसा तुटपुंजा असल्याने गल्ल्याला खरोखर महत्त्व आहे. पण तो दोष वरच्या श्रेणीत जाण्यासाठी जुगार खेळणाऱ्या मालकांचा आहे. करारावर सही करणाऱ्या खेळाडूचा नाही आणि रांगेत उभ्या राहणाऱ्या पाठीराख्याचा तर मुळीच नाही.

दुटप्पीपणाच्या आरोपाला जर्मनीकडे पाहून उत्तर देता येते. बायर्न म्युनिकची गणना जगातील सर्वाधिक पगार देणाऱ्या क्लबांत होते, तरीही तिथे उभ्याने पाहण्याचे संपूर्ण लीग हंगामाचे तिकीट २०० युरोंच्या आत मिळते. डॉर्टमुंड क्लबच्या मैदानावरील दक्षिण बाजूच्या सज्जात सुमारे पंचवीस हजार लोक उभे राहून सामना पाहतात. तेथील बहुतेक क्लबांत निम्म्याहून अधिक मताधिकार सभासदांकडे ठेवण्याचा नियम आहे, त्यामुळे दर ठरवणाऱ्याला सभासदांसमोर उत्तर द्यावे लागते. मोठे खेळाडू आणि परवडणारे तिकीट या दोन गोष्टी एकत्र मागणे हा हट्ट नाही, ते शक्य आहे आणि होत आहे.

मैदाने भरतात म्हणून दर योग्य, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु तांदूळ महागला तर दुकान बदलता येते. आजोबांपासून घरात चालत आलेला क्लब बदलता येत नाही. ज्याला दुसरीकडे जाताच येत नाही, त्याने जास्त पैसे मोजले याचा अर्थ त्याला दर पटला असा होत नाही. आणि भरलेल्या खुर्चीत आता कोण बसतो, हेही पाहायला हवे. १९८९ मध्ये इंग्लंडच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर, जिच्यात ९७ जणांचे प्राण गेले, चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांनी आपल्या अहवालात सर्व प्रेक्षकांसाठी आसने असावीत अशी शिफारस केली. मात्र त्याच अहवालात ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावरील ६ पौंडांच्या आसनाचा दाखला देऊन, उभ्याने पाहणाऱ्यांच्या खिशाला झेपेल असे दर ठेवता येतील, असेही त्यांनी नोंदवले होते. क्लबांनी आसने बसवली. दरांविषयीचे ते वाक्य मात्र सोयीस्करपणे बाजूला ठेवले.

‘आपण नागपुरात, आपल्याला काय?’ या प्रश्नाने मी सर्वांत जास्त अस्वस्थ होतो. जून २०२० मध्ये टाळेबंदीनंतर प्रीमियर लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा मैदाने रिकामी होती, आणि प्रक्षेपणात प्रेक्षकांचा ध्वनिमुद्रित आवाज मिसळला जात होता. एका रात्री मी तो आवाज नसलेले प्रक्षेपण लावले. बुटांची थपथप, गोलरक्षकाची ओरड आणि मधूनच शिट्टी, एवढेच ऐकू येत होते. बाजूला बसलेल्या माझ्या मुलाने विचारले, ‘बाबा, हा सराव सुरू आहे का?’ नागपूरजवळच्या कामठीच्या मैदानावर चुन्याच्या रेषेला लागून लोक इतके दाटीने उभे असतात की कॉर्नर घेणाऱ्या पोराला ‘काका, जरा मागं सरका ना’ म्हणावे लागते. ज्याने तो खेळ पाहिला आहे, त्याला मुलाच्या प्रश्नाचा अर्थ वेगळा सांगायला नको. प्रक्षेपण कंपन्या कोट्यवधी मोजून जे विकत घेतात, त्यात सज्जातील गाणी आणि आरोळ्याही येतात. ते गाणाऱ्यांना दराने हाकलले, तर धरमपेठेत किंवा जरीपटक्यात बसून आपण जे पाहतो तेही निस्तेज होणार आहे.

राहिले शेवटचे विधान: पगार कमी करा, तिकिटे उतरतील. मँचेस्टर युनायटेडने नोव्हेंबर २०२४ मध्ये, हंगाम सुरू असताना, उरलेल्या तिकिटांचा किमान दर ६६ पौंड केला आणि लहान मुले व ज्येष्ठ नागरिकांची सवलतही काढून घेतली. त्याच आर्थिक वर्षात त्या क्लबचा पगारखर्च आधीच्या वर्षापेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी घटला. विश्वचषकात तर फिफा ही जागतिक फुटबॉल संघटना एकाही खेळाडूला पगार देत नाही. तरीही २०२६ च्या अंतिम सामन्यासाठी राष्ट्रीय संघांच्या निष्ठावंत पाठीराख्यांना देऊ केलेल्या तिकिटांत सर्वांत स्वस्त तिकीट ४,१८५ डॉलरचे, म्हणजे साडेतीन लाख रुपयांहून अधिक किमतीचे होते. ओरड झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये प्रत्येक सामन्याची थोडी तिकिटे ६० डॉलरना उपलब्ध करण्यात आली. म्हणजे दर खाली आणता येत होता.

आपल्या देशातले उदाहरण तर ताजे आहे. इंडियन सुपर लीग या देशातील सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेचे भवितव्य अधांतरी असताना ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळुरू एफसी आणि चेन्नईयिन एफसी यांनी खेळाडूंचे पगार थांबवले. त्यानंतर चार महिन्यांनी, १३ डिसेंबरला, मेस्सीला पाहण्यासाठी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये लोकांनी हजारो रुपयांची तिकिटे काढली. तिथे लीगचा सामना नव्हता आणि कोणत्याही संघाचा पगार त्या गल्ल्यातून भागवायचा नव्हता. मेस्सी मान्यवरांच्या गराड्यात थोडा वेळ थांबून निघून गेला, आणि ज्यांना तो नीट दिसलाही नाही, त्यांनी संतापाने खुर्च्या उखडून मैदानात फेकल्या.