कॅमेरा लावा, पण पिवळा दिवा किती सेकंदांचा तेही सांगा

सिग्नलवरच्या कॅमेऱ्यांचा विषय निघाला की दोन गट पडतात. एक म्हणतो, 'नुसती वसुली चालली आहे.' दुसरा म्हणतो, 'नियम पाळा ना, मग भीती कशाची?' मी दुसऱ्या गटातला. पण पहिल्या गटाची चिडचिड मला खोटी वाटत नाही.

कॅमेरा हवाच. मामा चौकात उभे असले तरच आपल्याला लाल दिवा लाल दिसतो. कॅमेऱ्याशी मांडवली होत नाही आणि 'साहेबांना फोन लावू का?' हेही त्याला ऐकू येत नाही.

पण पुण्यात कुठल्याही मोठ्या चौकात पाच मिनिटं उभं राहून बघा. ४१४१ आकडा 'दादा' वाचता येईल असा रंगवलेली बुलेट लाल दिव्यातून सुसाट जाते. तिच्यामागच्या स्कूटरवरचा पोरगा पाय मागे नेऊन नंबर झाकतो. कॅमेरा काय वाचणार, कपाळ? आणि ज्याची नंबरप्लेट नियमातली, स्वच्छ, त्याचं पुढचं चाक झेब्रावर टेकलं की ५०० रुपयांची पावती. तो झेब्राही अर्धा पुसलेला, अर्धा खड्डा बुजवलेल्या डांबराखाली.

लोकांना राग येतो तो इथे. दंड भरायला ना नाही हो, पण सापडतो कोण ते बघा.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला. कॅमेऱ्याच्या यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, तेही दरवर्षी नवं. कॅमेरा आहे असा फलक आधी ठळक दिसला पाहिजे. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस गेली पाहिजे. प्रत्यक्षात कित्येकांना जुनी चलनं कळतात ती गाडी विकायला काढल्यावर, नाहीतर नाकाबंदीत. मग लोक भरतच नाहीत, लोकअदालतीची वाट बघतात. तिथे तडजोड होते हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

हे फक्त आपलंच रडगाणं नाही. शिकागोत पिवळा दिवा ठरलेल्या ३ सेकंदांहून किंचित कमी टिकला तरी पावत्या फाटत होत्या. त्यावर बोंब झालीच, वर कॅमेरा कंपनीकडून लाच घेतल्याबद्दल तिथल्या एका माजी पालिका अधिकाऱ्याला २०१६ साली १० वर्षांची शिक्षा झाली. ह्यूस्टनमध्ये तर २०१० साली लोकांनी मतदान करून कॅमेरेच नाकारले.

आपल्याकडे मतदान वगैरे कोण घेणार! पण प्रत्येक कॅमेऱ्याखाली एक पाटी लावायला काय हरकत आहे? यंत्राचं प्रमाणपत्र कधीपर्यंतचं, पिवळा किती सेकंदांचा, तक्रार कुठे करायची. आणि पहिली मोहीम त्या 'दादा' नंबरप्लेटांवर काढा. झेब्रावाल्यांचं नंतर बघू, आधी तो रंगवा तरी.