चिमणीवरची ज्वाळा म्हणजे रिफायनरीला लागलेली आग नव्हे

चेंबूर-माहुलच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर रात्रीचा एक व्हिडिओ फिरतोय: 'रिफायनरी पेटली, कधीही स्फोट होईल.' व्हिडिओत दिसतोय तो फ्लेअर, म्हणजे प्लांटमधून सुटलेला वायू जाळणाऱ्या उंच चिमणीच्या टोकावरची ज्वाळा. ऑगस्ट २०१८ मध्ये माहुलला खरोखरच स्फोट झाला होता, त्यामुळे लोक घाबरतात यात नवल नाही. पण ही ज्वाळा स्फोट टाळण्यासाठीच असते.

प्लांटमध्ये दाब वाढला, वीज गेली किंवा युनिट बंद-चालू करायचं असलं की सेफ्टी व्हॉल्व्हमधून सुटलेला वायू पाइपने या उंच चिमणीकडे नेतात. वाटेतल्या टाकीत त्यातला द्रव वेगळा होतो. टोकाशी कायम तेवत ठेवलेली छोटी पायलट ज्योत उरलेला वायू जाळते. न जाळता सोडला तर? प्रोपेन, ब्युटेन हवेपेक्षा जड. जमिनीलगत पसरतात, आणि हवेत जेमतेम दोन टक्के असले तरी एक ठिणगी पुरते. वायू सुटत असताना ज्योत विझली, तर खरी काळजी.

काळा धूर म्हणजे ज्वलन अपुरं. तो वाफ सोडून कमी करतात. धुराची, वासाची तक्रार जरूर करा, ती रास्तच आहे. आणि जमिनीजवळ आग दिसली तर आधी १०१, व्हिडिओ मागाहून.