परदेशातून: टाकी उंच की बैठी?

शहरी पाणीपुरवठ्यासाठीच्या केंद्राच्या अमृत योजनेच्या निमित्ताने महाराष्ट्रातल्या छोट्या शहरांत एक वाद हटकून निघतो. एक बाजू म्हणते, आणखी एक उंच जलकुंभ बांधा. दुसरी म्हणते, त्यावर कोट्यवधी घालवण्यापेक्षा जमिनीवर मोठी टाकी करा आणि व्हीएफडी (मागणीप्रमाणे वेग कमी-जास्त करणाऱ्या) पंपांनी पाणी थेट लाइनीत सोडा. परदेशातले दाखले देताना अमेरिकेचं नाव दोन्ही बाजू घेतात.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याची सपाट जमीन मराठवाड्याची आठवण करून देते. तिथे गावागावावर पोलादी टाकी उभी दिसते ती दाबासाठी. इलिनॉयसह दहा राज्यांच्या सामाईक मानकांप्रमाणे लाइनीत एरवीच्या वापरात किमान ३५ पीएसआय (दाबाचं तिकडचं एकक), म्हणजे पाणी सुमारे २५ मीटर चढवेल इतका दाब लागतो. तो २० पीएसआयच्या, म्हणजे १४ मीटरच्या खाली गेला की 'पाणी उकळून प्या' असा आदेश निघतो. पाणी गढूळ दिसण्याची वाट कुणी पाहत नाही.

कारण साधं आहे. दाब गेलेली लाइन बाहेरचं पाणी आत ओढते. आपल्याकडे घराघरांचे जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) नळ गटार ओलांडून जातात. त्या ओलाव्यात पाइप गंजतो, सांध्यापाशी सुईएवढं भोक पडतं. पाणी चालू असताना तिथून धार बाहेर येते. वीज गेली, किंवा वरच्या अंगाला कुणी नळाला मोटार लावली, की त्याच भोकातून गटार आत येतं. गॅस्ट्रो आणि काविळीच्या साथी अशाच वाटेने घरात शिरतात. म्हणूनच थेट पंपिंगचा पर्याय पटत नाही. पंप थांबला की त्याच मिनिटाला दाब संपतो. भरलेली उंच टाकी मात्र विजेशिवाय काही काळ दाब धरून ठेवते.

विजेचा मुद्दाही नीट तपासावा. एक हजार लिटर पाणी २० मीटर चढवायला, पंपसंचाची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर जेमतेम ०.०८ ते ०.०९ युनिट लागतं. लाइनीत तेवढाच दाब हवा असेल, तर जमिनीवरच्या पंपालाही तेवढंच काम करावं लागतं. फरक पडतो तो पंपाच्या आकारात. उदाहरणादाखल ६० हजार वस्ती आणि माणशी १३५ लिटर धरले, तर रोजची गरज ८१ लाख लिटर. सकाळच्या गर्दीत मागणी सरासरीच्या अडीचपट, म्हणजे तासाला जवळपास साडेआठ लाख लिटर होते. थेट पंपिंगला एवढ्या क्षमतेचे पंप लागतात, शिवाय एक राखीव. टाकी भरायला १६ तास पंप चालवले, तर तासाला पाच लाख पुरतात.

याचा अर्थ सगळा साठा वर चढवावा असा नाही. दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा, म्हणजे २७ लाख लिटर साठा धरला, तर त्यातले १२ लाख वर पुरेत: तीन झोन, प्रत्येकी चार लाखांची टाकी. बाकीचे १५ लाख शुद्धीकरण केंद्रालगतच्या बैठ्या टाकीत ठेवावेत. ती स्वस्त पडते आणि धुवायला, दुरुस्तीला सोपी. पंपघरात जनरेटर मात्र हवाच. आणि गावाजवळ टेकडी असेल तर मनोऱ्यावर पैसा घालूच नये. पुण्याची पर्वतीवरची, मुंबईची मलबार हिलवरची टाकी बैठीच आहे, उंची टेकडीने दिली.

उंची ठरवताना सर्वात दूरचं आणि सर्वात उंचावरचं घर धरायचं. दुमजली वस्तीला सीपीएचईईओच्या (पाणीपुरवठ्याचे निकष ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) १९९९ च्या पुस्तिकेने १२ मीटर शिल्लक दाब, म्हणजे घराशी पोचल्यावर उरलेला दाब, सांगितला होता. त्यात पाइपातली घट चार मीटर आणि जमिनीचा चढ तीन मीटर मिळवला, की टाकीचा तळ १९ मीटरवर येतो. अशा ठिकाणी १२ मीटरचा ठरीव आराखडा उचलला, तर शेवटच्या गल्लीत पाणी चढत नाही. मग घरोघर मोटारी लागतात आणि दोष टाकीच्या माथी येतो.

बांधकामात माझा आग्रह दोन गोष्टींचा. एक, छताच्या स्लॅबची आतली बाजू. क्लोरीनची वाफ आणि दमट हवा यांनी तिथली सळई आधी गंजते, काँक्रीटचे पोपडे पाण्यात पडतात. तिथे सळईवर काँक्रीटचं जाड कव्हर आणि इपॉक्सी लेप निविदेतच लिहून घ्यावा. दुसरी, पाणी पातळीचा सेन्सर थेट पंपघराला जोडलेला असावा. तो नसला की टाकी भरल्याचं ओव्हरफ्लोच्या धारेवरूनच कळतं, आणि तोवर शुद्ध केलेलं पाणी नाल्यात गेलेलं असतं.

निविदा काढण्याआधी शेवटच्या गल्लीतल्या नळावर प्रेशर गेज लावून आठवडाभर पहाटेपासून रात्रीपर्यंत दर तासाची नोंद घ्यावी.